लीव्ह अँड लायसन्सवरची पुस्तकं

डोंबिवलीहून एका ताईंचं पत्र आलंय. निळ्या शाईतलं, समास सोडून लिहिलेलं, चार पानांचं. सगळं छापायला जागा नाही म्हणून थोडक्यात देते:

"हायस्कूलमधून निवृत्त होऊन मला आठ वर्षं झाली. आमची इमारत पुनर्विकासाला चाललीय. दोन महिन्यांत घर रिकामं करायचं, मग तीन वर्षं भाड्याच्या वन बीएचकेत. (तीन हे बिल्डरचे.) घरात पुस्तकांची तीन कपाटं आहेत, आठशेच्या आसपास पुस्तकं, वर ह्यांच्या दिवाळी अंकांचे गठ्ठे. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डावा रांगेत आहे. आंगठ्याचा सांधा दुखतो, जाड पुस्तक दहा मिनिटांच्या वर धरवत नाही. मुलगी म्युनिकला असते. ती म्हणते, 'आई, सगळं देऊन टाक आणि ई-रीडर घे. माझा टोलिनो बघ, अख्खी लायब्ररी पर्समध्ये. तुला पण इथूनच पाठवते.' ह्यांचं म्हणणं, यंत्रावर वाचणं म्हणजे फोटोतला आंबा खाणं. मी मध्ये अडकलेय. यंत्र खरंच कामाचं असतं का? की सहा महिन्यांनी तेही कपाटात जाईल, आणि कपाटही नसेल?"

प्रिय ताई,

तुम्ही प्रश्न एक विचारलाय, पण ते आहेत दोन. यंत्र घ्यावं का, हा एक. पुस्तकं काढून टाकावीत का, हा दुसरा. लेकीने दोन्हींची मिळून एकच मोळी बांधलीय, ती आधी सोडूया. यंत्र घ्या, असं मी सांगणार आहे. पण यंत्र आलं म्हणून कपाटातलं एकही पुस्तक घराबाहेर जाता कामा नये. बाहेर जायचं असेल तर ते स्वतःच्या गुणांनी जाऊ दे.

सुरुवात आंगठ्यापासून करते, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात खरी अडचण तीच आहे. सहाशे पानांची पुठ्ठा बांधणीची कादंबरी सहज पाऊण किलोच्या घरात जाते. त्यात नव्या पुस्तकाची पाठ कडक असते, पानं उघडी ठेवायला आंगठा मधोमध दाबून धरावा लागतो. किंडल हा ॲमेझॉनचा ई-रीडर. त्यातल्या सात इंची पेपरव्हाइटचं वजन २११ ग्रॅम, साधं सहा इंची किंडल १५८ ग्रॅम. पान उलटायला नुसतं टेकवलेलं बोट पुरतं. माझाही उजवा आंगठा असाच रुसलेला आहे. मी यंत्राच्या कव्हरला मागून जुन्या साडीच्या काठाची पट्टी शिवून घेतलीय. त्यात चार बोटं सरकवली की यंत्र हाताला लटकून राहतं, पकडावं लागतच नाही. आमच्या शिंप्याने पंधरा रुपये घेतले आणि हे नक्की कशाला, असं दोनदा विचारलं.

आता डोळे. डोळ्यांच्या डॉक्टरांचं काम मी करणार नाही, चष्म्याचा नंबर त्यांच्याकडूनच घ्या. फोन आणि ई-रीडर यांत फरक काय, तेवढं सांगते, कारण पुष्कळ जण दोन्हीला 'स्क्रीन' म्हणून एकाच पंक्तीत बसवतात. ई-रीडरचा पडदा स्वतः प्रकाश फेकत नाही. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक बारीक कुप्या असतात, त्यांत काळे आणि पांढरे कण, दोघांचा विद्युतभार एकमेकांच्या उलट. खालून वीज दिली की कधी काळे वर येतात, कधी पांढरे. वर आले की तिथेच बसतात, वीज तोडली तरी हलत नाहीत. म्हणजे पान उलटतानाच काय ती वीज लागते, वाचताना नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत हे जमवलं, १९९७ साली त्यासाठी ई इंक नावाची कंपनी निघाली. सोनीने २००४ मध्ये जपानात असा पडदा लावलेलं वाचनयंत्र विकायला काढलं, आणि २००७ च्या नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनचं किंडल आलं.

याचा उपयोग असा की भर दुपारी गॅलरीत बसून वाचता येतं. फोन उन्हात आरसा होतो, हे यंत्र उन्हात उलट जास्त स्वच्छ दिसतं. अंधारासाठी कडेला बारीक दिवे असतात, पण त्यांचा उजेड पानावर पडतो, तुमच्या तोंडावर नाही. उजेड पिवळसर करता येतो. पानाचा रंग मात्र पुस्तकासारखा पांढरा नसतो, वर्तमानपत्राच्या कागदासारखा राखाडी असतो. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला तो आधी मळका वाटेल. दिवा थोडा वाढवा, तक्रार मिटते.

आणि अक्षर मोठं होतं. तुमच्यासाठी या यंत्राचा सगळ्यात मोठा गुण हाच. आपल्याकडे पुस्तक स्वस्तात बसवायचं म्हणून इतकं बारीक टाइपात छापतात की साठीनंतर ते आपल्यासाठी नव्हेच असं वाटायला लागतं. मोठ्या टाइपात पोथ्या मिळतात, कादंबऱ्या मिळत नाहीत. म्हातारपणी माणसाने पोथीच वाचावी असं प्रकाशकांचं ठरलेलं असावं.

मोठ्या अक्षराची एक गंमत आहे, ती पहिल्या दिवशीच कळेल. यंत्र दोन्ही समास सारखे राखायला बघतं. मराठीत 'विद्यार्थ्यांबरोबरच्यांनासुद्धा' अशा आगगाड्या असतात, त्या मोडायच्या कुठे हे यंत्राला कळत नाही. मग ओळीत तीनच शब्द आणि मध्ये शेतातल्या बांधाएवढ्या मोकळ्या जागा. घाबरू नका. अक्षरांच्या सेटिंगमध्ये अलाइनमेंट असतं, तिथे डावीकडचं निवडा. उजवी कड दातेरी होते, पण वाचन सरळ होतं.

इथवर वाचून ह्यांच्यासमोर पत्र नाचवू नका. आता दुसरी बाजू येतेय.

तुमची लेक खोटं बोलत नाही, फक्त म्युनिकमधून बोलतेय. तिच्या पर्समध्ये लायब्ररी आहे ती टोलिनोमुळे नाही, तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांमुळे आहे. जर्मनीतल्या ग्रंथालयांची ई-पुस्तकं उसनी देणारी 'ऑनलायहे' नावाची व्यवस्था आहे, टोलिनो तिच्याशी जुळतो. ग्रंथालयाची वर्गणी भरली की पुस्तक घरबसल्या यंत्रावर येतं, मुदत संपली की आपलं आपण परत जातं. हे यंत्राचं कौतुक नाही, नगरपालिकेचं आहे. ते यंत्र डोंबिवलीत आलं की मागची नगरपालिका तिकडेच राहते. टोलिनोच्या दुकानात जर्मन पुस्तकं आहेत, तुमच्या कपाटातली नाहीत. तेव्हा तिकडून काही पाठवू नकोस, असं आजच सांगा. फारच हौस असेल तर आधी एक मराठी ई-पब (ई-पुस्तकाचा एक प्रकार) फाइल तिच्या यंत्रावर उघडून तिला फोटो पाठवायला सांगा. जोडाक्षरं धड दिसली तर पुढचं बोलू.

ताई, मराठी वाचकासाठी ई-रीडर हे अर्धंच यंत्र आहे. इंग्रजी वाचणाऱ्याला ते पूर्ण मिळतं, आपल्याला अर्धं. ॲमेझॉनने २०१६ च्या डिसेंबरमध्ये किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे आणली, हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळमच्या जोडीने. तेव्हापासून नव्या पुस्तकांचं बरं चाललंय, मोठे प्रकाशक नवी कादंबरी छापली की बऱ्याचदा ई-पुस्तकही काढतात. पण तुमचं कपाट नव्या पुस्तकांचं नाही. तुमच्याकडे असणार साठ, सत्तर, ऐंशीच्या दशकांतली पुस्तकं, त्यातली निम्मी ज्यांची पुढची आवृत्तीच निघाली नाही अशी. ती खिळे जुळवून छापलेली. त्यांची संगणकावर प्रत म्हणून काही नाहीच, कुणीतरी बसून पुन्हा टाइप करायला हवीत. नव्वदनंतरची संगणकावर जुळवली खरी, पण त्या वेळच्या फाँटमध्ये. ते फाँट आजच्या युनिकोडला, म्हणजे सगळ्या संगणकांच्या सामायिक अक्षरपद्धतीला, कळत नाहीत. बदलून घेताना अक्षरं सांडतात. शिवाय लेखक गेलेले, वारस तिघे, एक पुण्यात, एक टोरांटोत आणि तिसऱ्याचं पहिल्या दोघांशी बोलणं नाही. सही आणायची कुणाची? आणि प्रकाशकाला वेगळीच धास्ती: ई-पुस्तक काढलं की आठवड्यात त्याची पीडीएफ व्हॉट्सॲपवर 'वाचनप्रेमी' गटात फिरते. ती पुढे पाठवणाऱ्यांत आपणही असतो, हे मान्य करूया.

अक्षरं सांडतात म्हणजे काय ते दाखवते, तुम्ही शिकवलेल्या मुलांच्या चुका तपासल्यायत, तुम्हाला नेमकं कळेल. मागे एक प्रवासवर्णन वाचत होते. सह्याद्रीतली भटकंती. लेखक धाप लागेपर्यंत चढतोय आणि मग वाक्य आलं, 'समोर खोल दर्या पसरला होता असं वाटावं अशा दर्या'. मी दोनदा वाचलं. दुसऱ्या 'दर्या' म्हणजे दऱ्या! आपला अर्धा र, तो पापणीसारखा, रूपांतरात गळून पडला होता आणि त्याचा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसला होता. पुस्तकभर हेच. आचाऱ्याला बोलावलं की आचार्य यायचे. चाळिसाव्या पानानंतर मला सवय झाली, पण पैसे देऊन विकत घेतलेल्या पुस्तकात ही सवय का करायची? म्हणून मराठी ई-पुस्तक घेण्याआधी 'नमुना' उतरवून बघाच, तो फुकट असतो. त्यात एखादा 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' शोधा. तो नीट असेल तर बाकीचंही बहुधा नीट असतं.

आणखी एक फट आहे. पुण्याच्या बुकगंगा या पुस्तकांच्या संकेतस्थळावर मराठी ई-पुस्तकांचा मोठा साठा आहे, किंडलवर नसलेली पुष्कळ पुस्तकं तिथे दिसतील. पण ती त्यांच्या ॲपमध्ये वाचायची. फोनवर, टॅबवर वाचता येतात, किंडलवर चढत नाहीत. एकाच भाषेची पुस्तकं दोन दुकानांत आणि एका दुकानाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागत नाही. यावर तोडगा म्हणून अँड्रॉइडवर चालणारे ई-इंक टॅब निघालेत, ऑनिक्स कंपनीचे बूक्स वगैरे. त्यावर दोन्ही ॲप टाकता येतात. पण ते महाग, आणि त्यांच्या सेटिंगचं जंजाळ बघता मी तुमच्या गळ्यात मारणार नाही. घरात नातू असता तर गोष्ट वेगळी.

फुकटाचं सांगायचं तर आपल्याकडे बरंच आहे. भारतात लेखक गेल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं मोजायची, मग पुस्तक सर्वांचं होतं. म्हणजे १९१९ मध्ये गेलेले हरि नारायण आपटे कधीच मोकळे झाले, १९५० मध्ये गेलेले साने गुरुजीसुद्धा. मराठी विकिस्रोत या मोफत पुस्तकांच्या संकेतस्थळावरून असं साहित्य ई-पब म्हणून उतरवता येतं आणि ते किंडलला पाठवता येतं. २०२२ पासून किंडल ई-पब स्वीकारतं. साहित्य संस्कृती मंडळाची पुस्तकं, ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं, हीही विनामूल्य आहेत, पण बहुतेक पीडीएफ. आणि पीडीएफ हा या यंत्राचा जुना वैरी. स्कॅन केलेलं पान म्हणजे फोटो. सहा इंचात मोठ्या पानाचा फोटो घातला की अक्षर मुंगीएवढं. मोठं करायला जावं तर अर्धी ओळ पडद्याबाहेर, मग डावीकडे सरकवा, उजवीकडे सरकवा, प्रत्येक वेळी पडदा काळा होऊन लुकलुकणार. विश्वकोशाचा एक खंड मी असा वाचायचा प्रयत्न केला होता. तिसऱ्या पानावर यंत्र ठेवून चहा टाकला.

कवितेचंही तेच. अक्षर मोठं केलं की ओळ मोडते आणि कवितेत ओळ मोडली की उरलं काय? साडेतीन चरणांची ओवी सात ओळींची होते. गद्य यंत्रावर वाचा, कविता कागदावर ठेवा.

मागेपुढे जाण्याचंही बघा. पुस्तकात 'ते वाक्य डाव्या पानावर, खालच्या बाजूला, चहाच्या डागाजवळ' असं आपल्याला आठवतं. यंत्रात सगळी पानं एकाच जागी उगवतात आणि मावळतात. नॉर्वेतल्या स्टाव्हांगर विद्यापीठाच्या अ‍ॅन मांगेन यांनी सहकाऱ्यांबरोबर याचा एक प्रयोग केला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नास जणांना २८ पानांची एक रहस्यकथा दिली, निम्म्यांना छापील, निम्म्यांना किंडलवर. कथा समजण्यात दोन्ही गट जवळपास सारखेच निघाले. पण काय आधी घडलं, काय नंतर, हा क्रम लावण्यात किंडलवाले मागे पडले. मला हे वाचून बरं वाटलं, कारण खून कुणी केला हे मला आठवतं आणि कधी केला हे नाही, त्याचं खापर मी वयावर फोडत होते.

आता बिल्डरच्या कागदपत्रांत तुम्ही सध्या जे शब्द रोज वाचत असाल त्यांकडे येते. भाड्याचं घर लीव्ह अँड लायसन्सवर घ्याल ना? म्हणजे राहायची परवानगी, मालकी नाही. ई-पुस्तक अगदी तसंच असतं. उपमा म्हणून सांगत नाही, करारातला शब्दच तो आहे: लायसन्स. 'बाय' असं लिहिलेलं बटण आपण दाबतो खरं, पण मिळते ती वाचायची परवानगी. २००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनने लोकांनी पैसे मोजून घेतलेली जॉर्ज ऑरवेलची दोन पुस्तकं त्यांच्या किंडलमधून परस्पर काढून टाकली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून. पैसे परत केले, पुढे ॲमेझॉनचे तेव्हाचे प्रमुख बेझोस यांनी जाहीर माफीही मागितली. त्या दोनातलं एक '१९८४' होतं, म्हणजे सत्ता जुने कागद नाहीसे करते त्याची गोष्ट. एवढा योग सहसा जुळून येत नाही. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं. पैसे परत दिले, पुस्तकं मात्र गेली. आणि २६ फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची विकत घेतलेली पुस्तकं संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून ठेवायची सोयही ॲमेझॉनने काढून घेतली.

यावर 'मग घेऊच नका' म्हणणारे आहेत. मी तसं म्हणत नाही. एकदा वाचून सोडायच्या रहस्यकथेवर मालकी हवी कुणाला? पण जे पुस्तक तुम्ही पुन्हा काढणार, कुणाला देणार, ज्याच्या पहिल्या पानावर 'बक्षीस समारंभ' म्हणून शाळेचा शिक्का आहे, ते लायसन्सवर ठेवायचं नसतं. उसनं देण्याचंही बघा. शेजारच्या वहिनींना यंत्रातलं एक पुस्तक देता येत नाही, द्यायचं तर अख्खं यंत्र द्यावं लागतं. (यात फायदाही आहे. माझी परत न आलेली पुस्तकं मोजली तर एक फळी भरेल.) आणि जाता जाता: छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-पुस्तकावर आहे. २०१८ मध्ये तो अठरावरून पाच टक्क्यांवर आणला, तोही छापील आवृत्ती असलेल्या पुस्तकांसाठी.

यंत्र नाजूक असतं हेही सांगायला हवं. पडद्याच्या मागे पातळ काच असते. माझं पहिलं यंत्र कोल्हापूरच्या एसटीत गेलं. पिशवीत वर ते, खाली पोळीभाजीचा स्टीलचा डबा, आणि त्यावर शेजारच्या आजोबांचं कोपर. घरी येऊन उघडलं तर वरच्या अर्ध्या भागात सकाळी वाचत होते तेच पान, खालच्या अर्ध्यात नुसत्या रेघा. कंपनीला फोन केला, उत्तर आलं की दुरुस्ती होत नाही, नव्यावर थोडी सूट देऊ. ते मेलेलं यंत्र अजून माझ्या कप्प्यात आहे. बॅटरी कधीच संपली, पण कण जिथे होते तिथेच बसलेत, त्यामुळे ते अर्धं पान अजूनही वाचता येतं. नायिका दार उघडतेय. कोण आलंय ते खालच्या अर्ध्यात होतं.

तेव्हा कव्हर पहिल्या दिवशी घ्या. बॅटरी आठवडेच्या आठवडे चालते असं खोक्यावर असतं, तो हिशोब दिवसाला अर्धा तास वाचन, वाय-फाय बंद आणि दिवा मंद असा धरलेला असतो. तुम्ही अर्ध्या तासात थांबणाऱ्यांतल्या वाटत नाही. पंधरा दिवसांनी चार्जिंग धरून चाला, तरी पुष्कळ झालं.

कोणतं घ्यावं? सात इंची पेपरव्हाइट. २०२५ च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे आला तेव्हा १६,९९९ रुपयांना होता, सणासुदीच्या सेलमध्ये भाव खाली येतो, घाई नसेल तर थांबा. साध्या सहा इंचीपेक्षा महाग आहे, पण मोठ्या अक्षराला तो एक जादा इंच लागतो, उजेड पिवळा करण्याची सोय साध्यात नाही, आणि पाणी सांडलं तर साधं वाचत नाही, हे वाचतं. रंगीत पडद्याचं घेऊ नका. ई-इंकमधले रंग धुऊन वाळत घातलेल्या कपड्यांसारखे असतात, त्यासाठी जादा पैसे कशाला? खातं मात्र तुमच्याच नावाने आणि भारतातलं काढा. लेकीच्या जर्मन खात्याला जोडलंत तर दुकान तिकडचं उघडेल, बिल युरोत येईल आणि तुम्ही काय वाचता ते तिला दिसेल. तिसरी गोष्ट चालत असेल तर पहिल्या दोनांचा विचार करा.

पण हे सगळं घेण्याआधी एक गृहपाठ. वही घ्या. येत्या वर्षभरात खरोखर वाचायची किंवा पुन्हा वाचायची अशी पंचवीस पुस्तकं लिहा. वाचायला हवीत अशी नव्हे, वाचणार अशी. मग शेजारच्या मुलाला बसवा आणि एकेक नाव किंडलच्या दुकानात शोधायला सांगा. मिळालं की बरोबरची खूण, मिळालं नाही की फुली, बुकगंगावरच असेल तर 'बु'. मी केलं तेव्हा माझ्या बरोबरच्या खुणा निम्म्याच्या आत होत्या, पण मी जुनी पुस्तकं फार वाचते. तुमच्या दहाच्या वर आल्या तर यंत्र बिनधास्त घ्या. पाचाच्या आत आल्या तर आधी कुणाचं तरी आठ दिवस मागून आणा. आंगठ्याला आणि डोळ्यांना इतकं सुख वाटलं की उरलेली वीस नवी पुस्तकं शोधावीशी वाटली, तर मग घ्या. इंग्रजी वाचत असाल तर हा गृहपाठ रद्द, सरळ घ्या. शब्दावर बोट ठेवलं की अर्थ समोर येतो, हे शिक्षकाला किती आवडतं ते मी सांगायला नको.

राहिली आठशे पुस्तकं. ती अडीचशे किलोच्या आसपास भरतील, वन बीएचकेत मावणार नाहीत, हे खरंच आहे. पण फुलीवाली आणि शिक्क्यावाली आधी वेगळी काढा, ती कुठेही जाणार नाहीत. दोन पेट्या होतील, फार तर चार. दिवाणाखाली जातात. लोखंडी ट्रंका घ्या, पुठ्ठ्याचे खोके नकोत. भाड्याचं घर तळमजल्यावर असेल तर खाली विटा लावा, पावसाळ्यात जमीन ओल धरते. कपड्यातल्या डांबरगोळ्यांऐवजी वेखंडाच्या कांड्या टाका, तीन वर्षांनी पुस्तक उघडल्यावर शिंका येणार नाहीत. प्रत्येक ट्रंकेच्या झाकणाला आतून यादी चिकटवा, नाहीतर तीन वर्षं दोघं मिळून एकच पुस्तक शोधाल. बाकीच्यांतली जी तुम्ही पंधरा वर्षांत उघडलेली नाहीत, ती मोकळ्या मनाने द्या. ग्रंथालयाला विचारल्याशिवाय पोतं नेऊन टाकू नका, त्यांच्याकडेही फळ्या मोजक्याच असतात. डोंबिवलीत पुस्तक आदान-प्रदानाचं प्रदर्शन भरतं, तुम्हाला ठाऊक असेलच. मात्र तिथे पुस्तकं देऊन पुस्तकंच घरी आणतात. ह्यांना एकट्याला पाठवू नका.

दिवाळी अंकांबद्दल मी मध्ये पडणार नाही. तो नवराबायकोचा प्रश्न आहे.

आणि फोटोतल्या आंब्याबद्दल ह्यांना माझा निरोप द्या: बरोबर आहे तुमचं. पण ज्या डोळ्याला समोरचा आंबा सध्या धूसर दिसतो आणि ज्या हाताला तो धरवत नाही, त्याला बरणीतला आमरस चालतो. हापूसचा हंगाम दोन महिन्यांचा, बरणी श्रावणातही उघडता येते. यंत्र आलं की पहिले चार दिवस त्यांच्याच हातात राहील, असा माझा अंदाज आहे.

यादीत बरोबरच्या खुणा किती आल्या ते मात्र कळवा. आणि फुल्या कोणत्या पुस्तकांवर पडल्या, तेही.